बिलावरची बचत आणि महिनाअखेरची शिल्लक

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘घरात आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि सासूबाई. हे अंबडला कंपनीत आहेत. सिडकोत दिरांचं जनरल स्टोअर आहे. त्यांच्या जीएसटी नंबरवर शहराबाहेरच्या एका मोठ्या घाऊक दुकानाचं कार्ड मिळालं. कार्डाशिवाय आत सोडत नाहीत. वर्षाची फी एक हजार रुपये, ती आम्ही भरली. दहा महिने झाले, दर महिन्याला गाडी काढून चौदा किलोमीटरवर जातो. बिलाच्या खाली "आपली बचत" म्हणून दीड-दोन हजारांचा आकडा असतो आणि हे तो मला दाखवतात. पण पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साडेआठ हजारांत महिन्याचं सामान यायचं, आता अकरा हजार लागतात. सासूबाई पंचवटीच्या बाजारातून वर्षाचा गहू भरायच्या, तेही या वर्षी बंद झालं. नणंद न्यू जर्सीला असते. ती म्हणते, आम्ही सगळं कॉस्टकोतूनच, म्हणजे तिथल्या अशाच कार्डाच्या दुकानातून, आणतो आणि खूप पैसे वाचतात. पुढच्या महिन्यात कार्डाची मुदत संपते. नूतनीकरण करावं का? यावरून घरात रोज शब्दाला शब्द लागतो. दोन बिलांचे फोटो आणि वाण्याचे भाव सोबत पाठवते.’

ताई, बिलं आणि भाव पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी काहीतरी मोघम लिहिलं असतं. आता तुमच्याच आकड्यांवर बोलता येईल.

आधी ‘आपली बचत’. ती छापील किमतीशी, म्हणजे एमआरपीशी, तुलना करून काढलेली असते. पण तुमचा वाणी तरी सगळं एमआरपीला कुठे देत होता? त्याच्या यादीत चहा, साबण, कपड्यांची पावडर एमआरपीच्या खालीच लागलेली आहे. डी-मार्टमध्ये तर कार्ड नाही, फी नाही आणि एमआरपीपेक्षा कमी भाव रोजचा आहे. तुम्ही एरवी जो भाव दिला असता त्याच्याशी तुलना केली तरच बचत कळते. शिवाय तुमच्या एका बिलात १,८४० रुपयांची बचत दाखवली आहे, त्यातले ११०० च्या आसपास रुपये अशा वस्तूंवर ‘वाचले’ आहेत ज्या वाण्याच्या यादीत कधीच नव्हत्या: फळांच्या रसाचा खोका, एक किलोची चीजची वडी, फ्रोझन पराठे, काचेच्या बरण्यांचा संच. या वस्तू वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण तिथे पैसे खर्च झाले आहेत, वाचलेले नाहीत. साडेआठचे अकरा हजार झाले ते बहुतेक इथेच.

आता तेलाच्या डब्याकडे येऊ, कारण तुमच्या घरातला वाद मुख्यतः त्यावरून दिसतो. घाऊक दुकानातला डबा २,१०० रुपयांचा, वाण्याकडचा २,२६०. सरळ १६० रुपये वाचले असं यजमान म्हणतात. फोटो मोठा करून पाहिला. दुकानाच्या बिलावर १५ लिटर लिहिलंय, वाण्याच्या चिठ्ठीवर १५ किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल आहे सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. किलोने भाव काढला तर घाऊक दुकानातलं तेल जवळपास १५४ रुपये पडलं आणि वाण्याकडचं १५१ च्या आत. तेल तेच, कंपनीही तीच. वाण्याकडचा डबा स्वस्त होता आणि तो त्याच्या पोऱ्याने जिन्यावरून वर आणून दिला असता.

यात यजमानांना दोष देऊ नका. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर बघणाऱ्याला फरक कळत नाही. तेलाच्या पिशवीवर आणि डब्यावर आकारमानासोबत वजनही छापलेलं असतं, ते वाचायची सवय करा. आणखी एक गोष्ट छापलेली असते जिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: एककाची विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतात ते. पाकिटबंद मालावर ती छापणं आता बंधनकारक आहे. ही किंमतही एमआरपीवरून काढलेली असते, प्रत्यक्ष बिलावरून नाही. तरी छोटं पाकीट घ्यावं की मोठं, हे तिथल्या तिथे कळतं. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही. छोट्यावर कंपनीची योजना चालू असेल तर दोन छोटी एका मोठ्यापेक्षा स्वस्त पडतात. आणि लिटरची वाटणारी पिशवी हातात घेऊन नीट पाहिली तर ती ८०० किंवा ८५० मिलीची निघते, हेही आता सर्रास झालंय.

तेलाबद्दल एक गोष्ट भावाहून महत्त्वाची आहे. डॉक्टर माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल सांगतात. चौघांना दोन लिटर. त्या हिशेबाने १५ लिटरचा डबा साडेसात महिने पुरायला हवा. तुमचा साडेचार महिन्यांत संपला, म्हणजे महिन्याला सव्वातीन लिटरच्या वर. पिशव्या आणायचात तेव्हा अडीच लागायचं, असं तुम्हीच लिहिलं आहे. डबा घरात आला की हात सैल सुटतो. भजी, पुऱ्या, पापड वाढतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. स्वस्त तेल जास्त खाल्लं तर ते महागच, आणि सासूबाईंचं वय बघता ते नुसत्या पैशांचं नुकसान नाही. उघडलेला डबा पाच-सहा महिने उन्हाळ्यातून पावसाळ्यात नेला तर तेलाला खवट वासही लागतो. चौघांच्या घराला पाच लिटरचा कॅन पुरे.

आता फीचा हिशेब. तेल सोडलं, कारण तिथे काहीच वाचत नाही. तुमच्या बिलांतल्या ज्या वस्तू घरात दर महिन्याला नक्की संपतात तेवढ्याच घेतल्या: साखर, तूरडाळ, चहा, कपड्यांची पावडर, अंगाचा साबण, टूथपेस्ट. वाण्याच्या भावाशी ताडून पाहिलं तर साखरेत किलोमागे तीन रुपये, डाळीत नऊ, पावडरीत बारा, चहात चाळीस, साबण-पेस्ट मिळून पंचेचाळीस असा फरक आहे. चार किलो साखर, तीन किलो डाळ, चार किलो पावडर, किलोभर चहा धरला तर महिन्याला सुमारे १७० रुपये. वर्षाचे २,०४०. हे पैसे खरोखर वाचतात, ते मी नाकारत नाही.

पण जायला-यायला अठ्ठावीस किलोमीटर होतात. तुमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका खेपेला १९५ रुपये जातात. दर महिन्याला गेलात तर वर्षाला २,३४० रुपये नुसते पेट्रोलचे, वर फीचे हजार. वाचले दोन हजार, गेले तेहतीसशे. तीन महिन्यांतून एकदा, फक्त या सहा वस्तूंची यादी घेऊन गेलात तर पेट्रोल ७८० आणि फी हजार धरून वर्षाकाठी २६० रुपये हातात राहतात. तेही रसाचा एकसुद्धा खोका न उचलता.

म्हणून माझं स्पष्ट मत: या वर्षी कार्डाचं नूतनीकरण करू नका.

यजमान म्हणतील, ‘मग माझी बहीण खोटं बोलते का?’ मुळीच नाही. तिथे तिचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे, पण तिथला हिशेब निराळा आहे. अमेरिकेत अशा दुकानांची सुरुवात १९७६ मध्ये सॅन दिएगोत प्राइस क्लबपासून झाली, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये, आणि सुरुवातीला तेही फक्त व्यापाऱ्यांसाठी होतं. कॉस्टको १९८३ मध्ये सिएटलला निघालं आणि १९९३ मध्ये दोन्ही एक झाले. साध्या सुपरमार्केटमध्ये तीसेक हजार प्रकारच्या वस्तू असतात, तिथे जेमतेम चार हजार. कमी वस्तू, प्रचंड खप, मालावर थोडा नफा, आणि एकूण नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या फीमधून. फी आधीच मिळालेली असल्यामुळे मालावर फार नफा घ्यायची त्यांना गरज पडत नाही. साधी फी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर आहे, वरच्या दर्जाची १३०. वरच्या कार्डावर खरेदीच्या दोन टक्के परत मिळतात. म्हणजे ते जादाचे ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हावी लागते. नणंदेला विचारा, तिच्याकडे हा हिशेब तयार असेल. शिवाय तिथे घराला गॅरेज असतं, मोठा डीप फ्रीझर असतो, गाडी काढल्याशिवाय कुठलंच दुकान गाठता येत नाही, आणि अनेक ठिकाणी कॉस्टकोचा पेट्रोलपंपही असतो. तुमच्या इमारतीखाली वाणी आहे, जो फोन केला की अर्धा किलो पोहे वर पाठवतो आणि किडकी डाळ निघाली तर तोंड वाकडं न करता बदलून देतो. पगार होईपर्यंत तो खात्यावर मांडून ठेवतो, तेही बिनव्याजी. हे सगळं बिलावर कुठे दिसत नाही, पण महिन्याच्या पंचवीस तारखेला त्याची किंमत कळते.

आपल्याकडची कार्डाची घाऊक दुकानं मुळात घरांसाठी निघालेलीच नाहीत. मेट्रो या जर्मन घाऊक विक्री कंपनीने २००३ मध्ये बंगळूरूला पहिलं दुकान काढलं ते किराणा दुकानदार, हॉटेलवाले, केटरर यांच्यासाठी. २०२३ मध्ये तो व्यवसाय रिलायन्सकडे गेला, तरी मूळ कल्पना तीच. म्हणून तर कार्डाला जीएसटी नोंदणी किंवा दुकानाचा परवाना मागतात. भाव ज्याला खोक्याने माल लागतो त्याच्या सोयीचे असतात. काही ठिकाणी फळीवरचा भाव कर सोडून लिहिलेला असतो आणि कर बिलात लागतो. तुमच्या दुसऱ्या बिलातही तसंच झालेलं दिसतं, एकदा पडताळा.

मग घाऊक घेऊच नये का? घ्यावं, जरूर घ्यावं. नाशिकसारख्या ठिकाणी राहून घाऊक न घेणं हेच नुकसानीचं आहे. फक्त ते कार्डाच्या दुकानातून घेण्यापेक्षा हंगामात, जिथे पिकतं त्याच्या जवळून घ्यावं. इथे सासूबाईंचं बरोबर आहे, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. गहू रब्बीचा. मार्च ते मे या काळात नवा माल बाजारात येतो तेव्हा भाव उतरलेला असतो आणि निवडायला वाव असतो. चार माणसांच्या पोळ्यांना वर्षाला दोन क्विंटलच्या आसपास लागतो. दिवाळीनंतरच्या भावापेक्षा किलोमागे पाच रुपये जरी कमी लागले तरी एका फेरीत हजार रुपये वाचले, म्हणजे तिमाहीतून एकदा गेलात तर कार्डावर वर्षभरात वाचणाऱ्या २६० च्या जवळपास चौपट. करातही फरक आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटबंद, छापील धान्यावर, डाळींवर आणि पिठावर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्या धान्यावर नाही, पंचवीस किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. तुमच्या ताज्या बिलात दहा किलोच्या तीन आट्याच्या पिशव्या आहेत. त्यांचा भाव आणि गहू अधिक गिरणीची दळणावळ यांची बेरीज शेजारी मांडून बघा.

तांदूळ तर आपल्या दाराशी पिकतो. इगतपुरी, घोटीचा इंद्रायणी दिवाळीनंतर नवा येतो. नव्याचा भात चिकट होतो म्हणून थोडा जुना करून वापरायचा, आणि त्यासाठी एकदम भरणं सोयीचंच असतं. कांद्याचं मात्र नीट लक्षात ठेवा: साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधला. लाल कांदा टिकत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी आठ-पंधरा दिवसांपुरताच घ्यावा. फ्लॅटमध्ये वीस किलोच्या वर नको. गोणीत कोंबून न ठेवता जाळीच्या क्रेटमध्ये, हवेशीर बाल्कनीत ठेवा आणि आठवड्याला एकदा हात फिरवून नरम पडलेले काढून टाका.

साठवणीबद्दल जरा कळकळीने सांगते. गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच कोठीत भरायचा. गरम भरला तर आत घाम धरतो. वाळवलेला कडुलिंबाचा पाला चालतो, झाकण घट्ट हवं. बोरिक पावडर चोळू नका, ती खायची वस्तू नाही. आणि धान्यात ठेवायच्या ‘सेल्फॉस’सारख्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, गोळ्या कुणी फुकट दिल्या तरी घरात आणू नका. दमट हवेत त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद घरात माणसं दगावतात. पोरकिडे झालेला गहू चाळून घेता येतो, गेलेलं माणूस परत येत नाही.

जे साठवू नये तेही सांगते. अख्खी मटकी, मूग, चवळी, हरभरे यांना डाळींपेक्षा लवकर भुंगे लागतात, कारण किडा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. ही महिन्यापुरतीच आणा. शेंगदाणे पावसाळ्यात खवट होतात, रव्याला जाळी धरते, मसाल्याचा वास उडतो. भगरीच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका. भगरीच्या गिरण्या आपल्या भागात आहेत, त्यामुळे पाच किलो स्वस्तात घ्यावी असं वाटतं. पण दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. भगर उपवासापुरती घ्यायची, तारीख बघून घ्यायची, आणि तयार सुटं पीठ आणण्यापेक्षा घरी लागेल तेवढंच दळायचं.

दिवाळीच्या फराळाचं सामान मात्र घाऊक घ्या. बेसन, साखर, पोहे, रवा, तूप पंधरा दिवसांत संपतं, साठवणीचा प्रश्नच येत नाही. रविवार कारंजाच्या परिसरात घाऊक किराणा व्यापारी आहेत, त्यांना कार्ड लागत नाही आणि फीही नाही. इमारतीतल्या चार घरांनी मिळून साखरेचं पन्नास किलोचं पोतं आणलं आणि वाटून घेतलं तर घाऊक भाव मिळतो आणि कुणाच्याच घरात साखर साचून राहत नाही.

यजमानांशी बोलताना मागची बिलं पुढे करू नका. त्यांनी दहा महिने सुट्टीचा दिवस घालवून, जड पोती उचलून घरासाठीच हे केलं आहे आणि त्यांना त्याचं समाधान आहे, ते खरं आहे. त्यांना एक काम द्या: घरात रोज लागणाऱ्या दहा वस्तूंचे किलोचे, लिटरचे भाव फोनमध्ये लिहून ठेवायचे, वाण्याचा एक, डी-मार्टचा एक, घाऊक दुकानाचा एक. कार्डाची मुदत अजून महिनाभर आहे, तेवढ्यात तिन्ही भाव जमतील. आणि तुम्ही प्रत्येक नव्या पाकिटावर ते उघडल्याची तारीख मार्करने घाला. कुठली वस्तू घरात किती दिवस पुरते हे तीन महिन्यांत कळेल, आणि ते कळल्याशिवाय मोठं पाकीट घ्यायचं की छोटं हे ठरवताच येत नाही. त्यांच्या यादीत माझ्याहून वेगळं काही निघालं आणि त्यांना कार्ड ठेवावंसं वाटलं, तर तिमाहीतून एकदा जा, मुलीला आणि रिकाम्या पोटाला घरी ठेवून.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. कार्ड दिरांच्या जीएसटी नंबरवर आहे, म्हणजे तुमच्या घरची बिलंही त्यांच्या दुकानाच्या नावावर निघतात आणि त्यांच्या खात्यात आपोआप दिसतात. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची दुकानाच्या करातून वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार घेता येत नाही. त्यांच्या हिशेबनिसाने ही बिलं दुकानाची खरेदी समजून क्रेडिट घेतलं असेल, तर पुढे कर, व्याज आणि दंड भाऊजींना भरावा लागेल. त्यांना बहुधा हे ठाऊकही नसेल. दहाच्या दहा बिलं एका पाकिटात घालून याच आठवड्यात सिडकोला जा आणि ही घरखर्चाची आहेत, वेगळी काढा, असं त्यांना सांगा.